कबूलरावाची फाइल सिस्टिम

ताईला मशीनचा राग क्वचितच यायचा. माणसांचा यायचा, आणि तो ती तिथल्या तिथे बोलून मोकळी व्हायची. मशीन बिचारं सांगितलं तेवढंच करतं, त्याच्यावर कशाला डाफरायचं, असं तिचं मत होतं. त्या सकाळी मात्र टेस्टच्या खोलीत पाऊल टाकताच तिला पडद्यावर अडकून पडलेली ओळ दिसली आणि खांद्यावरची पर्स काढायच्या आधीच ती म्हणाली, "मेल्या, आजच?"

टेस्ट पुन्हा लटकली होती. खोलीतले पंखे घूं घूं करत होते, रॅकवरचे दिवे लुकलुकत होते, पण काम ठप्प. आणि आज चार वाजता कंपनीच्या प्रमुख बाई निर्णय देणार होत्या.

ताईच्या कंपनीत ऑपरेटिंग सिस्टिम तयार व्हायची. दवाखाने, वाचनालयं, कारखाने असल्या ठिकाणच्या छोट्या मशीनवर ती चालायची. तिचा गाभा म्हणजे कर्नल, आणि त्या कर्नलमध्ये फाइल सिस्टिम असते: डिस्कवर कुठली फाइल कुठे ठेवायची आणि कोणाला कधी हात लावू द्यायचा, हे बघणारा भाग. त्या भागाचा जमेल तितका छळ करायचा, याचा ताईला पगार मिळायचा. एकाच फोल्डरवर ती ढीगभर प्रोग्रॅम सोडायची. एक फाइल लिहितोय, दुसरा तीच वाचतोय, तिसऱ्याने मध्येच तिचं नाव बदललं, चौथ्याने ती पुसूनच टाकली. पाहुण्यांनी भरलेल्या घरात एकच न्हाणीघर असलं की सकाळी जे होतं, तेच. आणि एवढ्या झोंबाझोंबीत एक अक्षर इकडचं तिकडे होता कामा नये.

जुनी फाइल सिस्टिम अण्णांची होती. अण्णा कंपनीतले सर्वात जुने, आणि त्यांचा हिशेब सरळ होता: सगळ्या घराला एकच कुलूप, एकाचं काम झालं की दुसऱ्याने आत यायचं. गडबड नाही, पण रांगच रांग. नव्या फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप होतं, त्यामुळे सगळे एकदम कामाला लागू शकत. ही नवी लिहिली होती ताईच्या धाकट्या भावाने. आणि खरी पंचाईत तिथेच होती.

धाकटा हुशार होता, कष्टाळू होता, आणि त्याला एक खोड होती. लहानपणी घरात काही सांडलं, फुटलं, हरवलं आणि वडिलांनी "कोणी केलं?" म्हणून आवाज चढवला, की हा कोपऱ्यातून म्हणायचा, "मीच." केलेलं असो वा नसो. त्याला तो आवाजच सहन व्हायचा नाही. मार परवडला, पण तो प्रश्न लवकर संपू दे, असं त्याला वाटायचं. एकदा तर भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तेव्हा तो आठवडाभर आजोळी होता, तरी आल्या आल्या त्याने कबूल केलं. वडील गेले, आवाज गेला, खोड राहिली. आधीच्या नोकरीत दुसऱ्याच कोणाच्या चुकीने एक मोठं काम कोसळलं. मीटिंगमध्ये साहेबांनी "कोणाचं हे?" म्हणताच याने हात वर केला आणि घरी बसला. मग ताईने शब्द टाकून त्याला इथे आणलं. इथेही पोरांनी महिनाभरात त्याची खोड ओळखली आणि त्याचं नाव 'कबूलराव' पडलं. ताई वरवर हसायची, पण स्वतः ते नाव कधी घ्यायची नाही.

त्याने दोन वर्षं खपून ही फाइल सिस्टिम लिहिली होती. आज ती नापास झाली, तर ती कचऱ्यात जाणार आणि त्याच्यासाठी कंपनीत दुसरं काम उरणार नव्हतं. पण ताईला नोकरीपेक्षा वेगळीच धास्ती होती. हे एक काम तरी त्याच्या हातून नीट पार पडलं नाही, तर हा माणूस उरलेल्या आयुष्यात ऊन पडलं तरी 'मीच' म्हणेल, असं तिला मनापासून वाटत होतं. सकाळीच भावजयीचा फोन आला होता. "ताई, लक्ष ठेवा हो जरा. रात्रभर छताकडे बघत पडला होता. मी विचारलं काय झालं, तर मलाच सॉरी म्हणाला."

धाकटा आला तो दारातच थबकला. पडद्याकडे बघून त्याचा चेहरा उतरला.

"लटकली?"

"लटकली."

"माझंच काहीतरी चुकलंय, ताई. मी बाईंना सांगून टाकतो, काढून टाका म्हणून. उगाच सगळ्यांचा वेळ जातोय."

"काय चुकलंय?"

"ते नाही माहीत."

"मग कबूल काय करतोयस? बस तिथे. आणि हे तोंड घेऊन बसू नकोस, मशीन घाबरतंय."

तो बसला, पण हसला नाही.

लटकण्याची जागा त्या दोघांना ठाऊक होती. मशीन चालू असतानाच बॅकअप घ्यायचा असेल तर फाइल सिस्टिमला 'थांबा' असं सांगावं लागतं. मग लिहिणारे सगळे प्रोग्रॅम असतील तिथे उभे राहतात. फोटो काढताना 'हलू नका' म्हणतात तसं. सगळं जसंच्या तसं उतरवून झालं की 'चला' म्हणायचं. हा 'थांबा'चा भाग धाकट्याने सर्वात शेवटी लिहिला होता, आणि तो जोडल्यापासून टेस्ट अधूनमधून लटकायला लागली होती. 'थांबा' म्हटलं की सगळे थांबायचे, पण कधीकधी पुन्हा चालायचेच नाहीत. कधी सकाळभर सुरळीत, कधी तासात दोनदा ठप्प. कसलाच ताळमेळ नाही.

बाई कॉफीचा मग घेऊन डोकावल्या. त्यांचं बोलणं मोजकं, पण मनात किंतु ठेवणाऱ्यांतल्या नव्हेत. "ताई, एक स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुम्ही बहीण आहात. तुमचा रिपोर्ट खोटा असेल असं मी म्हणत नाही, पण बाकीचे म्हणतील. म्हणून शेवटचा शब्द अण्णांचा. त्यांनी हो म्हटलं तर नवी जाईल, नाही तर जुनीच चालू दे."

"बरोबर आहे," ताई म्हणाली. बाई गेल्यावर तिने धाकट्याकडे न बघता कीबोर्ड पुढे ओढला. म्हणजे ज्यांची जुनी काढून नवी बसवायची, निवाडाही त्यांच्याच हाती. वा!

तिने जे कोणीही केलं असतं तेच केलं. टेस्ट नक्की कुठे अडकते हे कळावं म्हणून तिने टेस्टमध्ये जागोजागी संदेश पेरले: इथपर्यंत आलो, कुलूप घेतलं, कुलूप सोडलं, आता लिहितो, आता थांबतो. टेस्ट पुन्हा सुरू केली आणि दोघं पडद्याकडे डोळे लावून बसले. लटकली. पुन्हा सुरू केली. लटकली. संदेश आणखी वाढवले, तर पहिल्याच 'थांबा'ला लटकली. आजवर अधूनमधून व्हायचं ते आता दर खेपेला व्हायला लागलं.

"बघितलंस?" धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "नीट बघायला गेलं तर उलट वाढतंय. म्हणजे पायाच कच्चा आहे माझा." तो उठला. "मी वर जातो. माझं सामान... म्हणजे टेबल जरा आवरतो."

"अरे थांब, ऐक तर—"

तो गेला. ताईने दाराकडे बघून कपाळावर हात मारून घेतला. धाकटे भाऊ देवाने मोठ्या बहिणींना कामाला लावायला दिलेत, दुसरं काही नाही. मग ती एकटीच बसून राहिली. पुढ्यातला चहा निवून त्यावर साय धरली, तरी तिने त्याला हात लावला नाही.

नीट बघायला गेलं तर वाढतंय, असं तो म्हणाला होता. चिडलेली असली तरी ताईच्या मनातून ते वाक्य जाईना. वाढतंय म्हणजे काय? त्याच्या कोडला तर तिने बोटही लावलं नव्हतं. कुलपं तीच, फोल्डर तेच, झोंबणारे प्रोग्रॅम तेच. सकाळपासून वाढलं होतं एकच: बडबड. तिने पेरलेले संदेश.

मग बडबड करतो कोण?

ही टेस्ट अण्णांनीच पूर्वी लिहिलेली. तिच्यात एक वरचा प्रोग्रॅम होता, त्याला सगळे मुकादम म्हणत. बाकीच्यांना कामाला लावायचं, मध्येच 'थांबा' म्हणायचं, मग 'चला' म्हणायचं आणि घडलेलं सगळं रिपोर्टच्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं, ही मुकादमाची कामं. तो प्रत्येक ओळ लगेच लिहीत बसत नसे. ओळी साठवायचा आणि गठ्ठा भरला की एकदम फाइलमध्ये टाकायचा. बडबड वाढली की गठ्ठा लवकर भरणार. आणि तो नेमका 'थांबा' आणि 'चला'च्या मध्ये भरला तर? ताई खुर्चीत सरळ झाली. रिपोर्टची फाइल कुठल्या डिस्कवर आहे?

तिने बघितलं. त्याच डिस्कवर.

म्हणजे मुकादमाने सगळ्यांना 'थांबा' म्हटलं. सगळे थांबले. मग मुकादम स्वतः आपला गठ्ठा लिहायला त्याच दारात गेला, आणि धाकट्याच्या फाइल सिस्टिमने त्यालाही नम्रपणे थांबवलं. आता 'चला' म्हणणार कोण? जो म्हणणार तोच रांगेत उभा. किल्ली घरात ठेवून दार ओढून घ्यावं आणि मग पायरीवर बसून कोणी उघडेल का म्हणून वाट बघावी, तसलाच प्रकार. ताईला एकटीलाच इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. तिने रिपोर्टची फाइल शेजारच्या दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर हलवली, संदेश होते तेवढेच ठेवले आणि टेस्ट सोडली. थांबा, चला. थांबा, चला. बडबड धो धो चालू होती, आणि टेस्ट एकदाही अडखळली नाही.

धावत वर जावं आणि भावाच्या पाठीत धपाटा घालून सांगावं, असं तिला वाटलं. ती उठलीसुद्धा. पण दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तिथेच थांबली. अण्णा पहिला प्रश्न काय विचारतील, हे तिला स्वच्छ ऐकू आलं. हाच मुकादम, हीच डिस्क, ही टेस्ट मी लिहिली तेव्हापासून अशीच चाललीय. मग माझी फाइल सिस्टिम कधी का नाही लटकली?

याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं. आणि उत्तराशिवाय गेलं, तर बहिणीने फाइल हलवून भावाचं पाप झाकलं, एवढाच त्याचा अर्थ झाला असता.

ती परत बसली. बाजूच्या मशीनवर तिने अण्णांची जुनी फाइल सिस्टिम चढवली, रिपोर्टची फाइल त्याच डिस्कवर ठेवून टेस्ट सोडली, 'थांबा' म्हणाली आणि 'चला' म्हटलंच नाही. सगळं थिजलं. मग ती रिपोर्टच्या फाइलकडे बघत बसली. थांबलेल्या डिस्कवरची फाइल. तिच्यात एक अक्षरही वाढायला नको.

फाइल वाढत होती.

तिने पुन्हा करून पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. कारण उलगडायला मग वेळ लागला नाही. अण्णांची फाइल सिस्टिम 'थांबा' म्हटलंय का हे बघायची ते फक्त फाइल उघडताना. एकदा आत शिरलेल्याला पुन्हा कोणी अडवायचं नाही. टेस्टमधले बाकीचे प्रोग्रॅम दर वेळी नव्याने फाइल उघडायचे, म्हणून ते दारात अडायचे. मुकादम मात्र आपली फाइल सुरुवातीला उघडून शेवटपर्यंत धरून बसायचा, म्हणून तो 'थांबा'नंतरही बिनदिक्कत लिहायचा. जुनी लटकायची नाही, कारण जुनी नीट थांबायचीच नाही. नवी लटकली, कारण नवीने सांगितलेलं शब्दशः पाळलं.

आता हे अण्णांना सांगायचं. त्यांच्या तोंडावर, त्यांच्याच खोलीत, आणि भावासाठी.

अण्णांची खोली मजल्याच्या टोकाला होती. ते खिडकीशी बसून संत्रं सोलत होते. "ये गं ताई. पोराचं काय झालं? लटकतेय म्हणे अजून?"

"अण्णा, मी काही सांगत नाही. तुम्हीच करून बघा. जुनी चढवलीय बाजूच्या मशीनवर. 'थांबा' म्हणा आणि फाइलकडे बघा."

अण्णांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, हात पुसले आणि तिच्यामागून टेस्टच्या खोलीत आले. त्यांनी स्वतः 'थांबा' टाइप केलं. मग हाताची घडी घालून बसले. फाइल वाढली. त्यांनी पुन्हा केलं. फाइल पुन्हा वाढली. ताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. आता म्हणतील, बहिणीची माया. आता म्हणतील, माझ्या कामात खोट काढायला आलीस.

"दाढ," अण्णा म्हणाले.

"काय?"

"अगं, दाढ!" अण्णांनी टेबलावर हात आपटला, माउस उडाला. "तो दातांचा डॉक्टर! तू तेव्हा नव्हतीस इथे. बॅकअपवरून नोंदी परत आणल्या त्याने, तर शेवटची ओळ अर्धी. 'डावीकडची दाढ का', बस, पुढे कोरं. काढायची की कायम ठेवायची? पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसलेला, आणि डॉक्टर मला फोनवर विचारतोय, काय करू? मी काय सांगणार कपाळ! महिनोन्महिने शोधलं मी. डिस्क बदलून दिली, वायर बदलून दिली, शेवटी त्यालाच म्हटलं, तुमचंच काहीतरी चुकलं असेल. त्याचा प्रोग्रॅम दिवसभर फाइल उघडी धरून बसायचा आणि बॅकअपच्या मध्येच लिहायचा, या मुकादमासारखा!"

ते हसत होते, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "इतकी वर्षं घशात काटा अडकल्यासारखं होतं गं ते. कधीही जुनीचं कौतुक झालं की मला ती दाढ आठवायची. सुटलो एकदाचा." मग त्यांनी एकदम विचारलं, "आणि पोरगं कुठाय?"

ताईने घड्याळ पाहिलं. चार वाजून गेले होते. "अगं बाई! तो बाईंकडे गेला असणार. सगळं कबूल करून बसेल!"

दोघं जिन्याने निघाले. अण्णांचे गुडघे कुरकुरत होते, पण ते ताईच्या पुढे होते. बाईंच्या खोलीचं दार उघडंच होतं. धाकटा टेबलासमोर उभा होता, हात पाठीमागे बांधून, शाळेत उभा राहायचा तसाच.

"...सगळं माझ्यामुळेच झालंय," तो म्हणत होता, "तेव्हा मी असं म्हणतो की नवी फाइल सिस्टिम—"

"थांब!" अण्णा दारातून ओरडले.

धाकटा जागच्या जागी थांबला. तोंड उघडंच.

"बघा बाई," धापा टाकत अण्णा म्हणाले, "हा आणि याची फाइल सिस्टिम, दोघं सारखेच. थांब म्हटलं की थांबतात. माझी नाही थांबायची. तेच सांगायला आलोय."

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. मुकादम, रिपोर्टची फाइल, घरात राहिलेली किल्ली, डावीकडची दाढ. ताईला एक शब्द बोलावा लागला नाही, आणि तिला तेच हवं होतं. बाई कॉफीचा मग खाली ठेवून ऐकत होत्या. धाकटा आळीपाळीने अण्णांकडे आणि ताईकडे बघत होता. काही भलतंच चाललंय आणि आपल्याला उशिरा कळतंय, असा त्याचा चेहरा.

"म्हणजे नवी फाइल सिस्टिम बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"बरोबर? अहो, इतकी बरोबर की आमची टेस्ट तिच्यापुढे खोटी पडली."

"ठीक. टेस्ट दुरुस्त करा, जुनी ज्यांच्याकडे आहे त्यांना कळवा, नवी पुढे जाऊ दे." बाईंनी पेन उचललं. "कागदावर कारण लिहावं लागेल. आठवडाभर टेस्ट लटकत होती, ती चूक कोणाची होती?"

त्यांनी सहज विचारलं होतं. अण्णांनी 'माझी' म्हणायला तोंड उघडलं, धाकट्याकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. ताईला ते कोपऱ्यातलं पोर दिसत होतं. धाकट्याचे ओठ सवयीने जुळले, 'मी' म्हणायला जुळतात तसे.

"माझी नाही," तो म्हणाला.

इतकं हळू, की ते त्याने स्वतःलाच सांगितलं असावं. मग त्याचा त्यालाच धक्का बसल्यासारखा तो ताईकडे वळला. ताई लगबगीने खिडकीबाहेर बघायला लागली, कारण बाईंसमोर रडणं तिला शोभलं नसतं. तिचा जीव अगदी भांड्यात पडला होता.

"काय म्हणालास?" अण्णांनी कानामागे हात धरला. त्यांना सगळं लख्ख ऐकू यायचं, हे मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं. "जरा मोठ्याने बोल बाबा, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही."

"माझी नाही, अण्णा!" धाकटा म्हणाला, आणि या वेळी ते बाहेर जिन्यापर्यंत ऐकू गेलं.

"मग लिहा बाई," अण्णा म्हणाले, "माझी."